कुठपर्यंत आली

मोजे शोधायला कपाटात हात घातला, तर बोटांना काहीतरी गार आणि जिवंत लागलं. पाल असेल म्हणून मी हात झटकून दोन पावलं मागे सरले, मग मोबाइलचा उजेड आत पाडला. वेल होती. कपाटाच्या दाराला दीड वर्षापासून जी फट राहते तिच्यातून शिरून, माझ्या घडीच्या कपड्यांमधून वाट काढत ती चांगली दोन हात आत गेली होती. अंधारात वाढल्यामुळे तिला रंगच नव्हता. पांढरट, लांबुडकी, आणि पानं म्हणावीत तर नखाएवढी, मिटलेली. शेंडा माझ्या शर्टाच्या बाहीत होता. आपण हात घालतो तसा, खांद्याकडून शिरून मनगटाकडे निघालेला. मी तो शर्ट काढला नाही. दुसराच कुठलातरी चढवला, मोज्यांशिवाय चपला अडकवल्या आणि कपाटाचं दार ओढलं. ते लागलं नाही, लागतच नाही, कारण बिजागरीवरून वेलीचा जुना, सुतळीसारखा सुकलेला दांडा गेलेला आहे, आणि तो मोडायचा नाही असं ठरलेलं आहे.

ठरवलेलं नवऱ्यानं. वेल त्याची. आठ वर्षांपूर्वी कुठल्यातरी कार्यालयाच्या स्वागतकक्षातून त्यानं तीन पानांचं एक टोक खुडून खिशात घालून आणलं, जॅमच्या रिकाम्या बाटलीत ठेवलं. मनीप्लँट. मुळं फुटली तेव्हा तो मला झोपेतून उठवून दाखवायला घेऊन गेला होता. तेव्हा आम्ही फार बोलायचो. स्कूटरवर तो पुढे बघत बोलायचा आणि वाऱ्यात निम्मे शब्द उडून जायचे, तरी मी मागून हो-हो म्हणायची, आणि घरी पोचल्यावर तो विचारायचा, सांग बरं मी काय म्हणालो, आणि मी भलतंच काहीतरी सांगायची, आणि त्यावर पुन्हा बोलणं निघायचं. मग बाटलीतून कुंडीत, कुंडीतून भिंतीवर. तो वेल्डिंगचा सुपरवायझर, त्यामुळे कुठलीही गोष्ट सरळ रेषेत आणि आधार देऊन न्यायची ही त्याची सवय. वीतभर अंतरावर खिळे ठोकून, दोरा बांधून त्यानं ती खिडकीवर चढवली. खालच्या मजल्यावरच्या काकू एकदा साखर परत द्यायला आल्या आणि म्हणाल्या, "वेल्डरची वेल आहे ती, तिचा जोड कधी सुटायचा नाही." तेव्हा आम्ही तिघंही हसलो होतो.

तीन वर्षांपूर्वी त्याच्या कंपनीनं लांबच्या एका कारखान्याचं पाइपांचं काम घेतलं. सहा महिन्यांसाठी जायचं होतं. जाताना त्यानं मला पाण्याच्या टाकीबद्दल सांगितलं, मागच्या दाराच्या कडीबद्दल सांगितलं, आणि मग कुंडीपाशी उभं राहून म्हणाला, "शेंडा कापू नकोस. वाढेल तिकडे वाढू दे. आल्यावर बघू." सहा महिने ही मोठी लवचिक गोष्ट असते, हे मला नंतर कळलं. कामाचा दुसरा टप्पा निघाला, मग तिसरा. तो वर्षातून एकदा यायचा, झोपायचा, खिळे ठोकायचा, जायचा. आणि रोज संध्याकाळी सात वाजता फोन, व्हिडिओवर. चहा झाला का. झाला, तुझा. झाला. मग थोडा वेळ दोघंही एकमेकांच्या कपाळाकडे बघायचो, आणि मग तो विचारायचा, "वेल कुठपर्यंत आली?"

मी सांगायची. घड्याळापर्यंत. पंख्याच्या बटणापर्यंत. आतल्या खोलीच्या चौकटीपर्यंत. आजारी माणसाचा ताप सांगावा तसं. तो म्हणायचा, "छान." की संपला फोन. आणि मी त्या 'छान'साठी काय काय करायची ते त्याला कुठं ठाऊक होतं. दर रविवारी स्टुलावर चढून ओल्या फडक्यानं पानं पुसायची; एकदा मोजली होती, दोनशे चौदा भरली. घड्याळाचा सेल संपला तर घड्याळ काढता येईना, वेलीनं त्याला दोन वेढे घातलेले. वर्षभर आमच्या भिंतीवर पावणेपाच वाजले होते. खिडकीचं एक दार कायमचं उघडं आणि दुसरं पानांनी झाकलेलं, म्हणजे धूळ येणार पण उजेड नाही. भर दुपारी दिवा लावावा लागे. आणि एवढं करून ती देखणी होती म्हणावं, तर तेही नाही. कुंडीपाशी नुसत्या उघड्याबोडक्या दोऱ्या, पिवळं पडून गळालेल्या पानांचे व्रण असलेल्या, आणि सगळी हिरवळ पार टोकाला, जिथं आम्ही कधी बसत नाही तिथं. वेलीची बारीक मुळं भिंतीला चिकटलेली. एक काढायला गेले तर रंगाचा पापुद्रा हातात आला. मग काढणंच सोडलं. माझ्या घरात मी पाहुण्यासारखी वाकून, मान तिरकी करून चालायला शिकले होते आणि ते मला इतकं अंगवळणी पडलं होतं की रस्त्यातसुद्धा कधीकधी उगीच मान तिरकी व्हायची.

त्या दिवशी दुकानात पोचले तरी बोटांना तो गार स्पर्श होताच. मी फोटो फ्रेम करायच्या दुकानात काम करते. माउंट, म्हणजे फोटोभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, कापणं माझ्याकडे, काच मालकांकडे. एक गिऱ्हाईक कुटुंबाचा फोटो घेऊन आलं होतं. डावीकडचा माणूस माउंटखाली गेला पाहिजे, फोटो मात्र कापायचा नाही, असं त्यांचं म्हणणं. "मेहुणा आहे," ते म्हणाले, "आज नाही तर उद्या समेट झाला तर पुन्हा बाहेर काढता येईल." असली कामं मी डोळे मिटून करते. त्या दिवशी सुरी घसरली, आणि माउंट बसवल्यावर मेहुण्याचा एक कान बाहेर राहिला. मालकांनी चष्म्यावरून बघितलं.

"आज लक्ष कुठं आहे?"

"कपाटात," मी म्हणाले. मग सांगितलं काय झालं ते. मालक काच पुसत ऐकत होते. "छाटायची की मग," ते म्हणाले. "शेंडा खुडल्याशिवाय बुडाला फूट येत नाही. माझी सासू सांगायची. झाडांबद्दलच सांगायची, असं आम्ही समजायचो."

संध्याकाळी फोन आला. चहा झाला का. झाला. वेल कुठपर्यंत आली. मी मनात दिवसभर वाक्यं जुळवली होती. मला आता हे नको आहे, किंवा, तू येऊन काय ते कर, किंवा नुसतंच, ऐक. पण तोंडातून आलं ते असं: "कपाटात शिरली. माझ्या शर्टाच्या बाहीत."

तो हसला. कितीतरी दिवसांनी मोकळा हसला. "हुशार आहे," म्हणाला. "छान."

त्या 'छान'वर मी फोन ठेवला आणि बराच वेळ खुर्चीत तशीच बसले. राग येतो म्हणजे काय होतं याचं वर्णन लोक करतात, डोकं तापतं वगैरे. मला तसं काही झालं नाही. मला फक्त माझी मान तिरकी आहे हे जाणवलं, बसल्या जागी, डोक्यावर वेल लोंबत नसतानाही.

आठवडी सुट्टीला मी दुकानातली माउंटची सुरी घरी आणली. आधी कपाटापासून सुरुवात केली. शर्टाच्या बाहीतून शेंडा हळूच, मोडणार नाही असा ओढला, का कोण जाणे, पुढच्या मिनिटाला तर कापायचाच होता. मग चौकट, मग घड्याळ, मग पंख्याचं बटण. सुरुवातीला एकेक पेर बघून, कुठं फूट येईल याचा विचार करत कापत होते. मग नुसतंच सपासप. समाधान मिळेल असं वाटलं होतं, पण त्यातही वैताग. दोरे सुटेनात, खिळ्यांनी बोटं खरचटली, चिकामुळे मनगटापर्यंत खाज सुटली, आणि जिथं जिथं मुळं होती तिथं भिंतीवर तपकिरी, बारीक पायांचे ठसे राहिले, शेकडो, एका दिशेला चाललेले. चार पोती भरली. कचऱ्याची गाडी घेऊन येणारी बाई म्हणाली, "पडदे काढले का?" मी हो म्हटलं. कुंडीत वीतभर बुंधा उरला, त्याला एक पान. ते ठेवलं. दया म्हणून नव्हे. सुरी बोथट झाली होती.

आणि मग सहा वाजले, आणि मला कळलं की सातला फोन येणार.

मी काय केलं ते मलाच धड सांगता येत नाही. गाडीत न मावलेल्या पोत्यातून एक लांब फांदी परत काढली, खुर्चीमागच्या खिळ्यांवर चढवली, कापलेलं टोक पाण्याच्या बाटलीत घालून बाटली टेबलाच्या पायाआड ठेवली. मोबाइल असा उभा केला की माझं डोकं आणि वरची सहा पानं दिसावीत. चौकटीत काय येतं आणि काय बाहेर राहतं हे मला कुणी शिकवायला नको. त्यानं विचारलं, कुठपर्यंत आली. मी म्हणाले, "कपाटातून बाहेर पडली. आता स्वयंपाकघराकडे निघाली आहे." "छान," तो म्हणाला.

चुकून बोलावं तसं पहिलं खोटं बोलले, पण दुसऱ्या दिवसापासून मी तयारी करून बोलू लागले. दुकानात माउंट कापताना ठरवायची, आज वेल कुठं न्यायची. तिला स्वयंपाकघराच्या ओट्यावरून नेली. मसाल्याच्या डब्यांमागून नेली. एक पान ताटाएवढं झालं असं सांगितलं. नळाला वेढा घातला म्हणून मी चार दिवस बादलीनं पाणी घेते आहे, असं सांगितलं. तो ऐकायचा. कधी विचारायचा, "मग भांडी कशी घासतेस?" आणि मी तेही सांगायची, बारीकसारीक तपशिलांसकट, कधी हसून. फोन ठेवला की घरात नजर फिरवायची. उघड्या भिंती, सरळ उभी मी, दोन्ही दारं लागणारी खिडकी. एवढी जागा झाली होती की मला तिचं काय करावं ते सुचेना. घड्याळात सेल घातला. ते इतक्या जोरात टिकटिकायला लागलं की दोन दिवसांनी परत काढला.

बाटलीतलं पाणी कधी आटलं ते मला कळलंच नाही; दहा-बारा दिवसांत फांदी मान टाकू लागली, पानं पिवळी पडली. मी ती काढून टाकली. दुसरी आणायची कुठून? त्या संध्याकाळी मी तशीच बसले, मागे ठशांची नागडी भिंत. आता विचारेल, आता तोंड उघडेल. तो म्हणाला, "चहा झाला का?" मग म्हणाला, "वेल कुठपर्यंत आली?" मी त्याच्या डोळ्यांत बघून म्हणाले, "जिन्यापर्यंत." "छान," तो म्हणाला.

तेव्हापासून जे सुरू झालं त्याला खेळ म्हणता येणार नाही. रोज मी मोबाइल आणखी थोडा मागे ठेवायची. भिंत आणखी दिसायची. मी खुर्ची बाजूला घेतली. एकदा तर मीच चौकटीच्या बाहेर सरकून बसले आणि नुसती भिंत दाखवत बोलले, तेवढं मात्र त्याला दिसलं, म्हणाला, "तू कुठं गेलीस, समोर बस." बस, एवढंच. मी वेल खालच्या काकूंच्या घरात पाठवली, त्यांच्या पलंगाखालून नेली. तो म्हणाला, "मग त्यांनाही पाणी घालायला सांग." मला ओरडावंसं वाटे. माणूस तीन वर्षं रोज एक प्रश्न विचारतो आणि उत्तर डोळ्यांसमोर असताना त्याला ते दिसत नाही. तो माझ्याकडे बघतच नव्हता. तो त्या प्रश्नाकडेही बघत नव्हता. दुकानात रोज माणसं फोटो घेऊन येतात, बोट ठेवून सांगतात, ही माझी, हा आमचा. मी त्यांच्याकडे बघत बसायची आणि मालक म्हणायचे, "कान बाहेर राहील हं." चार महिने मी तो राग सांभाळला. खायला घातलं, पाणी घातलं. तो आला की एका वाक्यात सगळा त्याच्यापुढे टाकायचा, असं ठरवून.

तो दुपारी आला. बारा दिवसांची रजा होती. रोडावला होता, केस पुढून मागे गेले होते. दारात बूट काढले, खोलीभर नजर टाकली, अगदी सावकाश, या भिंतीवरून त्या भिंतीवर. तो म्हणाला, "आंघोळ करतो." मग जेवला, झोपला. उठला, चहा घेतला. दुसऱ्या दिवशी नळाचा वायसर बदलला, ज्या नळाला वेलीनं वेढा घातला म्हणून मी सांगितलं होतं त्याच नळाचा, आणि एक शब्द नाही. त्याच्या बॅगेतून टॉवेल काढताना कंपनीचा कागद माझ्या हाताला लागला. आणखी दोन वर्षांचा करार, सहीची जागा रिकामी. मी तो होता तसा परत ठेवला.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही ओट्यापाशी उभे होतो. तो मटार सोलत होता, मी कांदा चिरत होते. सात वाजायला आले होते. आणि तो सवयीनं, अगदी सहज, मटाराकडे बघत म्हणाला, "कुठपर्यंत..." आणि थांबला.

मी सुरी खाली ठेवली. "विचार ना. थांबलास का? वेल कुठपर्यंत आली, विचार."

तो हातातली शेंग सोलत राहिला.

"नाहीये वेल. चार महिने झाले, कापली मी. सगळी. तुला दिसत नाही? आंधळा आहेस? मी रोज तुझ्यासमोर त्या भिंतीखाली बसत होते."

"माहीत आहे," तो म्हणाला.

"काय माहीत आहे?"

"कापलीस ते. कापलीस त्याच दिवशी कळलं." त्यानं एक शेंग उचलली, सोलली नाही. "तुझ्या तोंडावर उजेड होता. आधी तू नेहमी काळोखात दिसायचीस. नाक आणि चष्मा. त्या दिवशी पहिल्यांदा नीट दिसलीस. म्हटलं, खिडकी मोकळी झाली."

सुचलं ते एवढंच: "मग रोज विचारत का होतास?"

"दुसरं काय विचारणार होतो?" तो म्हणाला. मग ती शेंग तशीच पातेल्यात ठेवत, "वेल होती तेव्हा तू एका शब्दात सांगायचीस. घड्याळ. बटण. कापल्यावर पाच-पाच मिनिटं सांगायला लागलीस. ते ताटाएवढं पान, बादलीचं पाणी. हसायचीस मध्येच. मी म्हटलं असतं की मला ठाऊक आहे, तर तू थांबली असतीस."

चार महिने सांभाळलेली माझी एकमेव गोष्ट त्यानं इतक्या अलगद काढून घेतली की मला ती धरतासुद्धा आली नाही. आता कशाचा राग धरायचा? तो बघत नव्हता म्हणून? तो बघत होता. खोटं ऐकून घेतलं म्हणून? सांगितलं कुणी होतं? तरी राग होताच, फक्त त्याला उभं राहायला जागा नव्हती, आणि असा राग फार वाईट, तो सगळ्या अंगात फिरतो. मी म्हणाले, "म्हणजे मीच मूर्ख." तो म्हणाला, "तसं नाही." मी म्हणाले, "मग कसं?" कांद्यानं माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते कांद्याचंच होतं, हे त्याला सांगावं असं मला वाटलं, पण सांगितलं नाही.

मग मी काहीतरी दुखेल असं बोलायचं म्हणून म्हणाले, "तुला माझ्या घरातला खिळा न् खिळा दिसतो. तुझ्या खोलीबद्दल एक अक्षर तू कधी सांगितलंस?"

"तू विचारलं नाहीस," तो म्हणाला. आवाजात तक्रार नव्हती. असती तर बरं झालं असतं.

मी आठवायला लागले. तीन वर्षं, रोज सात वाजता, म्हणजे हजार वेळा तरी. त्याचा चेहरा आठवला, कपाळ आठवलं. त्याच्या मागे काय असायचं? भिंत? कुठल्या रंगाची? खिडकी होती? मी डोळे मिटून पाहिलं. काहीही येईना. माझ्या मागे काय दिसतं याचीच मी इतकी काळजी केली होती.

"कुठं बसतोस तू फोन करताना?" मी विचारलं.

"जिन्यात. खोलीत आम्ही पाच जण. आणि तिथं रेंजही नसते."

"जिन्यात म्हणजे कसं?"

त्यानं मटाराचं पातेलं बाजूला ठेवलं. स्वयंपाकघरातून मागच्या दाराकडे उतरायला दोन पायऱ्या आहेत, त्यातल्या वरच्या पायरीवर जाऊन बसला. पाठ भिंतीला टेकवली, हातात फोन नव्हता तरी तळहात तोंडासमोर धरला. "असा," म्हणाला. "सातला पाळी सुटते. सगळे तेव्हाच वर येतात." आणि बोलता बोलता, माझ्याकडेच बघत असताना, त्यानं गुडघे पटकन पोटाशी घेतले, अंग चोरून भिंतीला लागला, कुणालातरी जायला वाट दिली. मग गुडघे सोडले. पुन्हा घेतले. हे आपण करतो आहोत हे त्याच्या गावीही नव्हतं. फोनवर त्याचं चित्र सारखं हलायचं. मी दर वेळी म्हणायची, "फोन नीट धरता येत नाही का तुला?" तो म्हणायचा, "धरतो."

"कागद बघितला मी बॅगेतला," मी म्हणाले.

"हं."

"सही करणार आहेस?"

"तू सांग."

हेच. तीन वर्षांपूर्वीही त्यानं हेच विचारलं होतं आणि मी म्हणाले होते, तुला योग्य वाटेल ते कर, आणि स्वतःला फार समजूतदार वाटले होते. मला दोघांचाही एकदम, सारखाच वैताग आला. बाहेर कुणीतरी जिना चढत होतं, आमच्याच इमारतीतलं, आणि पावलं ऐकून त्यानं पुन्हा गुडघे जवळ घेतले.

"उठ तिथून," मी म्हणाले.

"का?"

"उठ म्हणते ना."

तो उठला नाही लगेच. माझ्याकडे बघत राहिला. "तू सांग म्हणालास ना? हे सांगते आहे," म्हणत मी खाली उतरून त्याचा दंड धरला आणि ओढला.